कारण विचारू नकोस

आई, गेल्या महिन्यात ऑफिसात आमचे स्वभाव तपासले. तुझ्या दवाखान्यातून रक्त तपासायला पाठवायचे तसंच, फक्त इथे सुईऐवजी प्रश्न होते. नवीन ठिकाणी गेलात की आधी तिथल्या वस्तू पाहता की तिथलं वातावरण, निर्णय घेताना आकड्यांवर विसंबता की आतल्या आवाजावर, असले. वाचतानाच मला संशय आला, कारण कुठल्या उत्तराने आपण कुठल्या खणात जाऊन पडणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मुद्दाम काही ठिकाणी उलटी उत्तरं दिली. तरी निकाल यायचा तोच आला. माझ्या वाट्याला जांभळा रंग, आणि जांभळा म्हणजे इंट्युइटिव्ह. पुराव्याची वाट न पाहता ज्यांना कळतं अशी माणसं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असेल. ती म्हणाली, “मॅम, हे गिफ्ट असतं.” मागून आमच्या टीममधला एक जण म्हणाला, “त्या गिफ्टचा त्रास आम्हाला होतो रोज,” आणि सगळे हसले. मीही हसले. मग तिने या स्वभावाच्या जमेच्या बाजू आणि उणिवा समजावल्या. उणिवांमध्ये एक वाक्य होतं, की अशा माणसांना आपला अंदाज आणि आपली भीती यांतला फरक ओळखता येत नाही. वाक्य कुठून तरी उचललेलं असणार, जाहिरातीतल्यासारखं गुळगुळीत होतं. पण त्या मुलीने विचारलं, “मॅम, हे तुमच्यात घरातल्या कुणाकडून आलंय?” आणि मी म्हणाले, “चहा आलाय बाहेर, गार होईल.” तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होते. वर्षाच्या आत तू सदाशिव पेठेतल्या त्या डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावायच्या खुर्चीवर बसलीस, आणि शाळा सुटली की मी तिथे यायला लागले. औषधांच्या कपाटाशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बसून मी गृहपाठ करायचे आणि पडद्याच्या फटीतून तुला पाहायचे. तू चष्म्यावरून बाकड्यावरच्या माणसांकडे बघायचीस. नाव विचारायचीस, काय होतंय विचारायचीस, पण उत्तराकडे तुझं फारसं लक्ष नसायचं. मग एकदम म्हणायचीस, “तुम्ही आधी आत जा.” बाकीचे चिडायचे. “अहो बाई, आमचा नंबर आहे.” “तुमचा नंबर तुमचाच आहे, तो कुठे पळून चाललाय?” असं म्हणून तू पुढच्या माणसाला हाक मारायचीस. एकदा एक गृहस्थ आले, इस्त्रीचा शर्ट, हातात भाजीची पिशवी. छातीत जरा जळजळतंय, म्हणाले, सकाळी मिसळ खाल्ली होती. तू त्यांना सगळ्यांच्या आधी आत पाठवलंस. डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि तसंच रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. वाचले ते. पुढे पेढे घेऊन आले होते. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हकिगत सांगायचे. त्यांनी तुला विचारलं, “बाई, तुम्हाला कळलं कसं?” तर तू म्हणालीस, “कारण विचारू नका. वाटलं.” मी स्टुलावर ताठ बसले होते. माझी आई म्हणजे कुणीतरी खास आहे, असं वाटायचे ते दिवस.

आणि दुसरा एक दिवस, ज्याबद्दल आपण कधी धड बोललो नाही. मी तेव्हा नववीत होते. एक नवी लग्न झालेली मुलगी आली, हिरवा चुडा, नवी कोरी साडी, आणि बरोबर सासू. ती बाकड्यावर वाकून कण्हत होती. सासू म्हणत होती, सकाळपासून असंच चाललंय. तू तिच्याकडे एकदा पाहिलंस, आत आलीस, फळीवरचा कागद घेता घेता मला हळूच म्हणालीस, “नाटक आहे. घरी कामं पडली असतील.” आणि तिला नंबराने बसवून ठेवलंस. तिच्या पुढचे लोक जाऊन आले. मग बाकड्यावरून काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. ती खाली पडली होती आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. पोटात रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन होऊन ती वाचली, हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. डॉक्टर तुला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या संध्याकाळी घरी तू पिठलं केलंस. मी ताटावर बसून वाट पाहत होते, की आता तू काहीतरी म्हणशील. तू म्हणालीस, “मीठ कमी झालंय का गं?” मी म्हटलं, नाही. पण मला एक गोष्ट दिसली होती, ती मी तेव्हापासून सांभाळून आहे. भाजीच्या पिशवीवाल्याला तू आत पाठवलंस तेव्हाचा तुझा चेहरा आणि ‘नाटक आहे’ म्हणालीस तेव्हाचा तुझा चेहरा, दोन्ही अगदी एकसारखे होते. तितकीच खात्री, तितकीच शांतता. बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता. आतून तुला तरी होता का, हे मला आजही माहीत नाही.

मग कॉलेज संपलं. पेठेत तेव्हा कंप्युटरचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते, त्यातल्या एकात तू मला घातलंस. नोकरी लागली ती कर्वे रस्त्याजवळच्या एका बंगल्यात, जिथे दिवाणखान्यात मशीन मांडून सॉफ्टवेअर लिहायचे. माझं काम तपासायचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्यातल्या चुका शोधायच्या. तुला मी समजावून सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, “म्हणजे खोड काढायचा पगार देतात?” त्याच बंगल्यात तुझा होणारा जावई होता. तो लिहायचा आणि मी चुका काढायचे. असं वर्षभर चाललं आणि मग एका रविवारी मी त्याला घरी आणलं. तू चांगलं केलंस सगळं. शिरा केलास, नवीन कप काढलेस, त्याच्या घरच्यांची चौकशी केलीस. तो जरा जास्तच हसत होता, घाबरला होता. मधेच तो म्हणाला, “काकू, तुम्ही कशाचीच काळजी करू नका. सगळं छान होईल.” तो गेल्यावर तू मोरीत भांडी घासायला बसलीस. मी विचारलं, “कसा वाटला?”

“मला नाही पटला.”

“का?”

“कारण विचारू नकोस. माझं मन नाही घेत त्याला.”

“अगं पण काहीतरी असेल ना? बोलणं, वागणं, घर, काय?”

“ते मला सांगता येत नाही. तुला माहितीये मी कशी आहे ते.”

मला माहीत होतं तू कशी आहेस. पण आई, मन मलाही होतं, तुझ्याच घडणीचं होतं, आणि ते त्याला घेत होतं. दोन मनं समोरासमोर आली तर कुणाचं खरं धरायचं, हे ना तू मला शिकवलं होतंस ना कुणी तुला. मी म्हटलं, “त्या हिरव्या चुड्याच्या मुलीच्या वेळीही तुझं मन घेत नव्हतं.” तू नळ बंद केलास. पाठ माझ्याकडेच होती. “कुठली मुलगी?” तू विचारलंस. तुला आठवत होतं. तुझ्या मानेवरून मला कळलं, की तुला लख्ख आठवतंय. त्यानंतर त्याच्याबद्दल तू वाईट असं काहीही बोलली नाहीस. लग्नात पैठणी नेसून उभी राहिलीस, पंगतीत आग्रह केलास. आणि पुढच्याच वर्षी तुझं पोट दुखायला लागलं. तू म्हणालीस, पित्त आहे. डॉक्टर स्वतः म्हणाले, “बाई, एकदा तपासून घेऊ,” तर त्यांना म्हणालीस, “मला कळतंय ना, पित्तच आहे.” बाकड्यावरच्या अनोळखी माणसाच्या छातीतलं जिला कळलं, तिला स्वतःच्या पोटातलं कळलं नाही. कळलं तेव्हा फार पसरलं होतं. हॉस्पिटलात तुझा जावई रोज शहाळं घेऊन यायचा, तुझी उशी सरकवायचा. मी वाट पाहत होते. एकदा तरी म्हणशील, की अगं, माझं चुकलं, चांगला आहे तो. किंवा निदान म्हणशील, की तेव्हा मला अमुक वाटलं होतं, जपून राहा. तू दोन्ही म्हणाली नाहीस. शहाळं प्यायचीस आणि खिडकीकडे तोंड करून पडायचीस. आणि मग तू गेलीस, ते वाक्य माझ्याकडे ठेवून.

लोकांना आईकडून पाटल्या मिळतात. मला ‘मन नाही घेत’ मिळालं. आमच्या धंद्यात कुणी नुसतं ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणून चालत नाही. काय केल्यावर बिघडतं ते पायरीपायरीने करून दाखवावं लागतं. दाखवता आलं नाही तर तक्रार बंद. तुझी तक्रार मला बंद करता आली नाही आणि तपासताही आली नाही. म्हणून मी माणूसच तपासत राहिले. तो कंपनीच्या कामावर अमेरिकेला गेला, तेव्हा फोनवर दोन वाक्यांच्या मधे जी शांतता पडते ना, तिच्याकडे कान लावून बसायचे. परत आला तेव्हा बॅग मी रिकामी केली, त्याला म्हटलं, तू दमला असशील. खिशांतली बिलं वाचली. काही नव्हतं. एक स्वेटर माझ्यासाठी घेतलेला, एक बाहुली लेकीसाठी. पण काही सापडलं नाही म्हणून संशय गेला, असं होत नाही. नीट लपवलंय, असंच वाटतं. तो हसला तरी मी पाहायचे आणि हसला नाही तरी पाहायचे. त्याला हे कळलं असेल का? माझा असा समज होता, की नाही. आता वाटतं, माणसाला आपल्यावर नजर आहे हे कळतंच. फक्त कशासाठी आहे ते कळत नाही, आणि ते जास्त वाईट.

मजा म्हणजे, याच स्वभावाने मला ऑफिसात वर नेलं. बंगल्यातून कंपनी हिंजवडीत गेली. तेव्हा तिथे बसच्या खिडकीतून ऊस दिसायचा, आता काच दिसते. मी नवीन काम उघडलं की दहा ठिकाणांपैकी एका ठिकाणी माझी नजर अडकायची. “इथे बघा,” म्हणायचे, आणि तिथे चूक असायची. पोरं थक्क व्हायची. टीम हाताखाली आली ती त्यामुळेच. पण एकदा मी अशीच सगळ्यांना शनिवार-रविवार बसवून ठेवलं. मला खात्री होती, की आत काहीतरी मोठं आहे. शोध शोध शोधलं, आणि काहीच नव्हतं. सोमवारी सगळे विसरले. मीसुद्धा विसरले. ती स्वभाव शिकवणारी मुलगी बोलत होती तेव्हा तो शनिवार-रविवार मला आठवला आणि कळलं, की असे कितीतरी असतील. बरोबर निघालेला अंदाज आपण लोकांना गोष्टीसारखा सांगत राहतो. चुकलेला कुणाच्याच लक्षात राहत नाही, आधी आपल्याच. डॉक्टरांनी ती पेढ्यांची गोष्ट शंभर जणांना सांगितली. दुसरी कुणाला सांगितली?

मंदी आली त्या वर्षाचं सांगते. लेक प्राथमिक शाळेत होती. तुझा जावई तेव्हा हडपसरच्या एका कंपनीत होता, मोटरसायकलने जायचा. त्या पावसाळ्याच्या शेवटी मला काहीतरी जाणवलं. काय, ते विचारू नकोस, असं म्हणायचा मोह होतोय, पण सांगते, कारण मी पुढे बसून आठवून काढलं. तो सकाळी घाई करेनासा झाला होता. दुपारी फोन केला तर बंद असायचा. बोटांना निळी शाई लागलेली असायची, आणि कंप्युटरवर काम करणाऱ्याच्या बोटांना शाई कशाला लागेल? एकदा त्याच्या फोनवर बाईचा आवाज आला, “सर, आज जरा लवकर येताय ना?” तो बाहेर गॅलरीत जाऊन बोलला. हे सगळं तेव्हा मला असं सुटं सुटं दिसलं नाही. एक दिवस नुसतं आतून आलं, की हा काहीतरी लपवतोय. आणि ते ‘काहीतरी’ घडायला क्षणभर लागला नाही, कारण साचा तू देऊनच ठेवला होतास. बाई आहे. आईला तेव्हाच दिसलं होतं. मला बरं वाटलं, आई. हे विचित्र आहे, पण खरं आहे. इतकी वर्षं जे सापडत नव्हतं ते सापडलं, म्हणून बरं वाटलं.

मी अर्धी रजा टाकली आणि हडपसरला गेले. त्याच्या कंपनीच्या फाटकावर रखवालदार होता. त्याला नाव सांगितलं, तर तो म्हणाला, “ते साहेब? त्यांना तर काढलं की. लई जणांना काढलं, बाई.” मी म्हटलं, “कधी?” तो म्हणाला, “गणपतीच्या आधी.” माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. म्हणाला, “गाडीतळाकडं क्लास हाय, भांड्याच्या दुकानावर. तिथं शिकवत्यात, आमचा पुतण्या जातोय.” मी चालत गेले. भांड्यांच्या दुकानाशेजारून जिना वर जात होता. वरच्या खोलीत बाकांवर कारखान्यातले लोक, दुकानातले लोक, दोन गृहिणी, आणि समोर पांढऱ्या फळ्यावर निळ्या पेनाने तुझा जावई काहीतरी लिहीत होता. दाराशी टेबलावर एक पोक्त बाई बसल्या होत्या. क्लास त्यांचा. म्हणाल्या, “ॲडमिशनसाठी का?” तो आवाज मी ओळखला. तेवढ्यात तो वळला. त्याने मला पाहिलं, हातातलं वाक्य मात्र पूर्ण केलं, आणि मग वर्गाला म्हणाला, “जरा हे सोडवा, मी आलोच.”

आम्ही खाली रसाच्या गुऱ्हाळात बसलो. घुंगरं वाजत होती, त्यामुळे हळू बोलायची सोय नव्हती. मी विचारलं, “कधी सांगणार होतास?”

“दुसरी नोकरी लागली की.”

“आणि नाही लागली तर?”

“लागेल गं. होईल सगळं व्यवस्थित.”

“मला वाटलं, बाई आहे.”

तो आधी हसला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसू गेलं. “खरंच वाटलं?”

“खात्री होती.”

त्याने रसाचा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाला, “तुला कळलं होतं ना, काहीतरी आहे? मग विचारलं का नाहीस?”

“तू म्हणाला असतास, सगळं व्यवस्थित आहे.”

“हो,” तो म्हणाला. “म्हणालो असतो.”

त्या दुपारी मला कळलं, ते त्या स्वभाव शिकवणाऱ्या मुलीला मी सांगू शकले असते. मनाला दार वाजलेलं ऐकू येतं, आई. तिथपर्यंत ते खरं असतं. दारापलीकडे कोण उभं आहे, हे मात्र आपण रचतो, आणि रचलेलं इतक्या झटक्यात येतं, की तेही ऐकूच आलं असं वाटतं. तो लपवत होता, हे बरोबर होतं. काय लपवत होता, ते मी माझ्या भीतीतून आणलं. आणि तेही धड माझी भीती नव्हे, तुझी. पुढे त्याला खराडीला नोकरी लागली, आधीच्यापेक्षा लहान. शनिवारचा क्लास त्याने बरीच वर्षं सोडला नाही, त्याला ते लोक आवडायचे. आम्ही ठरवलं, की मला काही वाटलं तर मी सरळ विचारायचं आणि त्याने ‘होईल व्यवस्थित’ हे शब्द वापरायचे नाहीत. बऱ्याचदा जमतं. तो विसरतो, मी विचारायच्या आधी खिसे बघते, असंही होतं.

पण मग तुझ्याबद्दलचा संशय सुरू झाला. तुला त्या दिवशी नेमकं काय ऐकू आलं होतं? तो वाईट बातमी पोटात ठेवणारा माणूस आहे, हे? ‘काळजी करू नका’ म्हणताना त्याच्या आवाजात ते होतं? तसं असेल, तर तू जिंकलीस. मी चिंचवडला मावशीकडे गेले आणि तिला विचारलं. मावशी शेंगा सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, “अगं, तुझ्या बाबांना पाहून आलो तेव्हाही ती हेच म्हणाली होती. मन नाही घेत.”

“बाबांना? मग लग्न कसं झालं?”

“कोण विचारत होतं तिला? आमच्या अण्णांनी ठरवलं, झालं. आणि चांगला संसार झाला की. जीव होता तिचा त्याच्यावर. पण तो असा अवचित गेला ना, तेव्हा तेराव्याला मला म्हणते कशी, बघ, मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं.”

तुमचं दोघींचं मधे कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, हे मला माहीत आहे, त्यामुळे ती हे सगळं तुझ्यावरचा राग काढायला सांगत असेल, असंही माझ्या मनात आलं. की मला बरं वाटावं म्हणून? मी विचारलं, “मावशी, खरं सांगतेस ना?” ती म्हणाली, “तू अगदी तिच्यावर गेलीस. कुणी पाणी दिलं तरी वास घेऊन पिशील.” आणि शेंगा सोलायला लागली. मावशी आता नाही, त्यामुळे तेही तसंच राहिलं. पण खरं असेल, तर तुझं मन त्याला घेत नव्हतं की कुणालाच घेत नव्हतं? जो येईल तो मला सोडून जाईल, किंवा माझं माणूस घेऊन जाईल, हे तुला दर वेळी वाटत होतं, आणि जगात माणसं जातातच, म्हणून तू दर वेळी बरोबर निघत होतीस? असं असेल, तर त्या मोरीपाशी तुला म्हणायचं होतं ते एवढंच असेल, की तू जाऊ नकोस. ते म्हणाली असतीस, तर लग्न मी केलंच असतं, पण रोज संध्याकाळी तुझ्याकडे आले असते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण गेला रविवार. तुझी नात हिंजवडीतच नोकरी करते, आणि तिने एका मुलाला जेवायला आणलं. अकोल्याकडचा आहे, तिच्याच कंपनीतला. सभ्य, नीटनेटका. पानावरून उठताना ताट उचलायला लागला. निघताना म्हणाला, “काकू, मी निघून राहिलो,” आणि वाकून नमस्कार केला. आणि आई, माझं मन घेईना. तीच शांतता, तीच खात्री. मी ओट्यापाशी उभी होते आणि लेक मागून आली. “आई, कसा वाटला?”

मला तुझं वाक्य तोंडात आलेलं जाणवलं, अगदी तयार, गरम. मी ते गिळलं. मग वाटलं, गिळलं तर ती चेहऱ्यावरून ओळखेल, कारण हे तिच्यातही उतरलंय. मी म्हटलं, “खरं सांगू? काहीतरी खटकलं. पण काय ते मला माहीत नाही. त्याचं ‘राहिलो’ माझ्या पेठी कानाला खटकलं असेल. तू आता कमी येशील, हे खटकलं असेल. किंवा खरंच काही असेल. मला यातलं वेगळं करता येत नाही. मी त्याला एक दुपार पाहिलंय, तू दोन वर्षं ओळखतेस. माझं हे धरून चालू नकोस. माझ्यावरच संशय घे.”

“मग सांगितलंस कशाला?”

“तू विचारलंस म्हणून.”

“आवडला, एवढं म्हणायला काय झालं असतं?” ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. तीन-चार दिवस फोन नव्हता. मग काल आला. म्हणाली, “मी त्याला विचारलं, की तुझ्यात खटकण्यासारखं काय आहे. तर म्हणाला, तुझ्या आईसमोर मी इतका घाबरलेलो होतो, की भाजी कुठली होती तेही सांगता येणार नाही.” मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, “पण काही आठवलं तर सांग हं. काय खटकलं ते.” मी बरं म्हटलं. अजून आठवतंय का ते शोधतेय. कदाचित काहीच नसेल. कदाचित असेल, आणि ते तिलाच आधी दिसेल.

हे पाठवायचा प्रश्न येत नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तू वाचून चष्मा काढला असतास आणि म्हणाली असतीस, अक्षर बिघडलंय. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू काय म्हणाली होतीस, ते तुझ्या जावयाला मी कधीच सांगितलेलं नाही. गुऱ्हाळातसुद्धा नाही. त्याची समजूत अशी आहे, की तू त्याच्यावर बेहद्द खूश होतीस. पहिल्या भेटीत तो निघाला तेव्हा तू जिन्यापाशी येऊन म्हणालीस, “गाडी सावकाश चालवा.” हे तू पोस्टमनलाही म्हटलं असतंस. पण त्याने त्यावर सगळं उभं केलंय आणि तो ते पाहुण्यांना सांगतो, सासूबाईंनी मला जिन्यातच पसंत केलं. रविवारी त्या मुलाला धीर यावा म्हणून तो तेच सांगत होता, आणि सांगता सांगता मधेच अडखळला, की पुढे काय म्हणाल्या होत्या बरं त्या. मी वाढत होते. मी म्हटलं, “म्हणाली, पोहोचलात की फोन करा, मला चैन पडायचं नाही.” तो म्हणाला, “हां, तेच.” तू असं काहीही म्हणाली नव्हतीस.